उजेडाचा हिशोब
सदर : घरातला इंजिनियर

मराठी माणसाची प्रवाळाशी पहिली ओळख बहुधा सोनाराकडे होते. पत्रिकेत मंगळ आहे म्हणून कुणाच्या बोटात पोवळ्याची अंगठी असते, कुणाच्या आजीच्या गळ्यात पोवळ्यांची माळ असते. ते लाल पोवळे भूमध्य समुद्रातले. जिथे उजेड जेमतेम पोचतो अशा कपारीत आणि गुहेच्या छताला ते वाढते, आणि पाण्यातून वाहत येणारे बारीक अन्नकण खाऊन जगते. त्याला दिवा लागत नाही. पण इथे अमेरिकेत आपली मुले फिश-स्टोअरमधल्या निळ्या टँकच्या काचेला नाक लावून जे प्रवाळ बघत उभी राहतात, ते वेगळ्या चालीचे. त्याला दिवा लागतो, आणि तो दिवा आईबापांच्या खिशाला चांगलाच जाणवतो. या अंकात त्याच दिव्याचा हिशोब मांडायचे आम्ही ठरवले आहे.

निमित्त झाले आपल्या मंडळातल्याच एका कुटुंबाचे. मुलगा दहावीत. उन्हाळाभर शेजाऱ्यांची लॉन कापून त्याने ४०० डॉलर साठवले. टँक, खडक आणि पंप बाबा घेऊन देणार, दिवा याने आपल्या पैशातून घ्यायचा, असा घरात करार झाला. दुकानातल्या माणसाने त्याला जो दिवा दाखवला तो टॅक्स धरून पाचशेच्या घरात! रात्री आम्हाला बाबांचा फोन. “अहो, दिव्याला पाचशे डॉलर? यात भारताचं अर्धं तिकीट निघतं. बरं, मी नको म्हटलं तर याला वाटतं बाबा कंजूष आहेत. तुम्ही एकदा हिशोब करून सांगा बुवा. स्वस्तातला दिवा घेतला तर ते प्राणी मरतील का?”

शेवटचा प्रश्न आम्हाला फार आवडला. पैशाच्या गोष्टीत हौसेचे आणि कंजूषपणाचे वाद घालता येतात, पण पंधरा वर्षांच्या मुलाने वर्षभर जपलेला जीव त्याच्या डोळ्यांदेखत पांढरा पडून जावा, हे कुठल्याच घरात नको असते. तेव्हा आधी त्या जिवाला काय हवे ते पाहू, मग दुकानाकडे वळू.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक पॉलिप म्हणजे एक इवलीशी पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक बोटांसारख्या मिशा. या पिशवीच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहायला असते. शास्त्रज्ञ त्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल उजेडात साखर तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देऊन टाकते. घरमालक त्याबदल्यात आसरा देतो आणि आपल्या शरीरातून निघणारे नत्र-फॉस्फेट त्याला खत म्हणून पुरवतो. मालकाला रोज जेवू घालणारा भाडेकरू! गिरगावातल्या कुठल्याही चाळमालकाला हेवा वाटावा असा प्रकार. म्हणून रीफ टँकवरचा दिवा ही त्या प्राण्यांच्या घरची चूल समजावी. पेटली नाही तर उपासमार आणि भडकली तर घराला धोका. हे दुसरे वाक्य दुकानात सहसा कुणी सांगत नाही, त्यावर पुढे येऊच.

आता सगळ्यांत स्वस्त दिवा कोणता? अर्थातच सूर्य. जकार्तात राहणाऱ्या ली चिन एंग या गृहस्थांनी समुद्रातला जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्या भांडवलावर घरी प्रवाळ जगवले. १९६१ साली ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकन मासिकात त्यांनी ते लिहून काढले. पण जकार्ता पडले विषुववृत्ताशेजारी. आपल्या न्यू जर्सीत नाहीतर मिशिगनमध्ये डिसेंबरात संध्याकाळी पाचला दिवेलागण होते आणि जुलैत पश्चिमेच्या खिडकीतले ऊन दोन तासांत टँकचे पाणी तापवून ठेवते. तेव्हा इथे उन्हाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. टँक खिडकीपासून दूर ठेवावा आणि उजेड विकत घ्यावा.

कसला उजेड? समुद्राचे पाणी लाल रंग पहिल्यांदा गिळते. पाच-दहा मीटर खाली गेले की लाल जवळजवळ संपतो आणि निळा सर्वांत खोल जातो. प्रवाळातले शैवाल पिढ्यान्‌पिढ्या या निळ्या उजेडावर वाढलेले आहे. ४०० ते ४८० नॅनोमीटरचा निळा-जांभळा पट्टा त्याच्या विशेष कामाचा.

हा निळा उजेड घरात आणायला पूर्वी बराच खटाटोप करावा लागे. आधी मेटल हॅलाइडचे दिवे आले. २५० नाहीतर ४०० वॅटचे एकेक धूड. खाली प्रवाळ खूष, पण वर छतापर्यंत गरम हवा, आणि पाणी थंड करायला वेगळे चिलर नावाचे यंत्र. नंतर टी-५ नळ्या आल्या. बारीक, तेजस्वी, उजेड सगळीकडे सारखा पसरवणाऱ्या. मात्र नऊ महिने ते वर्षात त्यांचा उतार सुरू होतो आणि त्या बदलाव्या लागतात.

एल.ई.डी. तेव्हाही होतेच. लाल एल.ई.डी. १९६० च्या दशकापासून आहे, पण प्रवाळाला त्याचा उपयोग काय? तेजस्वी निळी एल.ई.डी. १९९३ साली जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी करून दाखवली. त्याआधी इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी नागोयात तिचा पाया घातला होता. तिघांना मिळून २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. नोबेल समितीच्या मनात आपले फिश टँक नसणार, पण घरगुती रीफ टँक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला तो या निळ्या एल.ई.डी.मुळे.

आवाक्यात म्हणजे किती, ते आकड्यांत पाहू. एक चार फुटी, ७५ गॅलनचा टँक घ्या. अमेरिकेत घरगुती विजेचा दर सरासरी युनिटला १७ सेंटच्या आसपास आहे. तुमच्या राज्यात वेगळा असेल तर आपापल्या बिलातला आकडा घालावा.

दोन २५० वॅटचे हॅलाइड, बॅलास्टसकट ५५० वॅट, रोज आठ तास. वर्षाला सुमारे १,६०० युनिट, म्हणजे २७० डॉलर. दरवर्षी दोन नवे बल्ब, दीडशे डॉलर धरू. पाच वर्षांत झाले २,१०० डॉलर, आणि यात चिलरची वीज नाही.

५४ वॅटच्या चार टी-५ नळ्या, एकूण २३० वॅट, रोज नऊ तास. वर्षाला ७५५ युनिट, म्हणजे १२८ डॉलर. नळ्यांचे वर्षाला शंभर धरू. पाच वर्षांत १,१४० डॉलर.

दोन साध्या एल.ई.डी. पेट्या, मंद करून मिळून १४० वॅटवर चालवलेल्या, रोज दहा तास. वर्षाला ५११ युनिट, म्हणजे ८७ डॉलर. बल्ब बदलणे नाही. पाच वर्षांत ४३५ डॉलर.

दिव्याची किंमत एकदाच दिसते, बिल मात्र दर महिन्याला येते. कुणी जुने हॅलाइड “फुकट घेऊन जा” म्हणाले तरी ते फुकट पडत नाहीत, ते असे. टी-५ नळ्यांचा उजेड आजही उत्तम, पण युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून आणि कॅलिफोर्नियात २०२५ पासून सर्वसाधारण वापराच्या अशा नळ्यांची नवी विक्री बंद झाली आहे. टँकसाठीच्या खास नळ्या मिळतात, परंतु नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असे आमचे मत. नव्या घरात आता कुणी कॅसेट प्लेअरसाठी कपाट करत नाही, तसेच हे.

म्हणजे एल.ई.डी. हे ठरले. पण कोणती? बाजारात शंभर डॉलरची आहे, पाचशेची आहे आणि हजारालाही आहे. इथे इंजिनियरची खरी गरज पडते, कारण खोक्यावर छापलेले तिन्ही आकडे आपल्या कामाचे नसतात.

पहिला आकडा वॅट. वॅट म्हणजे दिवा किती खातो ते, किती देतो ते नव्हे. शिवाय खाण्याचा आकडाही खरा असेलच असे नाही. ‘१६५ वॅट’ लिहिलेल्या स्वस्त काळ्या पेटीत ३ वॅटच्या ५५ एल.ई.डी. बसवलेल्या असतात. पंचावन्न त्रिक एकशेपासष्ट, म्हणून १६५! पूर्ण उघडली तरी ती भिंतीतून साधारण ११० ते १२० वॅट ओढते. यात फसवणूक मानण्यापेक्षा वीस-पंचवीस डॉलरचा प्लगमध्ये बसणारा वॅट-मीटर घ्यावा आणि स्वतः पाहावे. तो पुढे फ्रिजलाही लावून बघता येतो.

दुसरा आकडा ल्यूमेन. ल्यूमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सर्वांत तेजस्वी वाटतो, निळा मंद वाटतो. म्हणून प्रवाळाला भरपूर जेवण देणारा निळा दिवा ल्यूमेनमध्ये नापास होतो आणि गॅरेजमधली पांढरी ट्यूब पहिली येते. फोनवरचे लक्स मोजणारे ॲपही याच कारणाने इथे कामाचे नाही.

तिसरा आकडा केल्विन, १०,०००, १४,०००, २०,००० वगैरे. यावरून उजेडाची छटा कळते, मात्रा कळत नाही. चहाचा रंग सांगितला, कप किती मोठा ते सांगितलेच नाही, असे.

आपल्याला हवा तो आकडा वेगळाच आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण, दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर किती पडतात, त्याचे हे माप. याला पीएआर म्हणतात, आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास असतो. घरात तेवढा मुळीच लागत नाही. मशरूम, झोअँथिड, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप अशा मऊ प्रवाळांना ५० ते १०० पुरतो. हॅमर, डंकन यांसारख्या मोठ्या पॉलिपच्या दगडी प्रवाळांना ७५ ते १५०. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या, नाजूक, महागड्या मंडळींना मात्र २०० ते ३५०. आकडे ढोबळ आहेत, पण सुरुवातीला एवढे पुरे.

पाचशे डॉलरचा दिवा हा या शेवटच्या मंडळींसाठी असतो. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला कुणी जाऊच नये. त्यांना उजेडाइतकेच पाण्यातले कॅल्शियम आणि क्षारता काटेकोर लागते, आणि नव्या टँकमध्ये ते स्थिर राहत नाही. म्हणून दिव्याच्या दुकानात शिरण्यापूर्वी कागदावर लिहावे : आपण कोणते प्रवाळ ठेवणार? अर्धा खर्च तिथेच वाचतो.

उरलेल्यापैकी बराच टँकच्या खोलीत वाचतो. उंच, देखणा टँक दिवाणखान्यात शोभतो खरा, पण दिवा तळापर्यंत पोचवायला दुप्पट ताकद लागते. त्या मुलाला आम्ही ‘२० लाँग’ नावाचा टँक सुचवला. ३० इंच लांब, १२ इंच रुंद आणि अवघा १२ इंच उंच. पाणी ७५ लिटरच्या आसपास. आता त्याला किती वॅट लागतील याचा हिशोब त्याच्याकडूनच करून घेतला, तो असा.

टँकचे क्षेत्रफळ ०.७६ गुणिले ०.३० मीटर, म्हणजे साधारण ०.२३ चौरस मीटर. सरासरी पीएआर १०० हवा, तर दर सेकंदाला २३ मायक्रोमोल पाण्यात पोचले पाहिजेत. बेताच्या दर्जाचा एल.ई.डी. दिवा एका वॅटमागे दर सेकंदाला दीड मायक्रोमोल देतो असे धरू. त्यातला अर्धा बाजूला सांडतो, पृष्ठभागावरून परततो, काचेवरच्या मिठात अडकतो. उरला वॅटमागे पाऊण. २३ भागिले पाऊण, उत्तर ३१. थोडा हात राखून ४० वॅट!

मुलगा कॅल्क्युलेटरकडे बघतच राहिला. “म्हणजे काका, त्या दुकानातल्या दिव्याची मला गरजच नाही?” सध्या नाही, बाळा. चाळीस-पन्नास वॅटचा, निळा आणि पांढरा वेगवेगळा मंद करता येणारा दिवा शंभर ते दीडशे डॉलरमध्ये मिळतो. रोज नऊ तास चालवला तरी वर्षाची वीज बावीस-तेवीस डॉलर, महिन्याला दोनच्या आत.

मग महागाच्या दिव्यात काय असते? प्रामाणिकपणे सांगायचे तर बरेच काही असते. उजेड जास्त सारखा पसरतो, सावल्या कमी पडतात, पंखा आवाज करत नाही, फोनवरून सूर्योदय-सूर्यास्त लावता येतो, आणि बिघडला तर पार्ट मिळतात. या सोयी आहेत, आणि ज्याला परवडतात त्याने जरूर घ्याव्यात. पण प्रवाळाला फोन वापरता येत नाही. त्याला प्रकाशकण हवेत, ते दहा डॉलरच्या टायमरवरही येतात.

स्वस्त दिवा घेताना मात्र तीन गोष्टींवर तडजोड करू नये. एक, निळ्याचे आणि पांढऱ्याचे नियंत्रण वेगळे हवे. दोन, दिव्यावर किंवा त्याच्या पॉवर सप्लायवर यूएल किंवा ईटीएल अशा तपासणी संस्थेचे चिन्ह असलेले बरे. खारे पाणी आणि घरातली वीज शेजारी शेजारी नांदणार आहेत. तीन, प्लग जीएफसीआय आउटलेटमध्येच लावावा, आणि वायर आउटलेटच्या खालपर्यंत लोंबती सोडून मग वर घ्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खालीच गळून पडतो, आउटलेटमध्ये शिरत नाही. या तिन्हींचा खर्च एका पिझ्झ्याहून फार नाही.

आणखी एक युक्ती सांगतो, ती पैशाच्या वेळापत्रकाची आहे. नवा टँक भरल्यावर पहिले चार ते सहा आठवडे पाण्यात उपयुक्त जिवाणू वाढायची वाट पाहावी लागते. या काळात टँकमध्ये प्रवाळ नसते, तेव्हा रीफचा दिवाही लागत नाही. उलट रिकाम्या टँकवर तेजस्वी दिवा लावला तर नको ते शेवाळ बहरते. म्हणून दिवा सर्वांत शेवटी घ्यावा. तोवर सेल लागतो, किंवा आसपासच्या रीफ क्लबमध्ये कुणीतरी आपला चांगला दिवा विकून मोठा घेत असतो.

दिवा आला. आता तो कितीवर लावायचा? इथेच ती भडकलेली चूल येते. हौशी माणूस नवा दिवा आणतो, शंभर टक्क्यांवर लावतो आणि आठवड्यात प्रवाळ पांढरे पडते. मग तो म्हणतो दिवा स्वस्तातला होता, उजेड कमी पडला! घडलेले असते नेमके उलटे. गरजेपेक्षा जास्त उजेडात शैवालाची यंत्रणा कोलमडते, प्राणवायूची विषारी रूपे तयार होऊ लागतात आणि प्रवाळ आपल्या भाडेकरूला हाकलून देते. रंग जातो, खाली पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. पाणी गरम असेल तर हे आणखी लवकर होते, म्हणून तापमान ७७ ते ७९ फॅरनहाइटमध्ये ठेवावे. कमी उजेडात प्रवाळ हळूहळू तपकिरी होते, दिव्याकडे मान लांबवते, आणि तुम्हाला सुधारायला काही आठवडे देते. जास्त उजेड तेवढी सवलत देत नाही. तेव्हा चूक करायचीच असेल तर कमीच्या बाजूला करावी.

आमची पद्धत अशी. दिवा पाण्यापासून आठ ते बारा इंच वर टांगावा. निळा ३० टक्के, पांढरा १० टक्के, रोज आठ तास, इथून सुरुवात. दर आठवड्याला पाच टक्के वाढवावे आणि प्रवाळाकडे पाहावे. पॉलिप उघडे, रंग कायम, तर पुढे जावे. आक्रसले, फिके पडले तर दोन पावले मागे. नवे प्रवाळ आणले की आधी तळाशी ठेवावे आणि दोन-तीन आठवड्यांत वर सरकवावे. रात्री पूर्ण अंधार ठेवावा. पाहुणे आले म्हणून बारा वाजेपर्यंत टँक उजळून ठेवू नये, त्यांना चहा द्यावा.

शक्य असेल तर एकदा तरी मोजावे. पाण्यात बुडणारा पीएआर मीटर पाचशे डॉलरच्या वर जातो, तो विकत घेऊ नये. बहुतेक रीफ क्लबांकडे आणि काही दुकानांकडे तो भाड्याने मिळतो. आम्ही क्लबचा मीटर एका शनिवारी घरी आणला, टँकच्या तळाचे नऊ चौकोन केले आणि आकडे आलेख-कागदावर उतरवले. दिव्याखाली मधोमध १८०, कोपऱ्यात ६०. एकाच टँकमध्ये तिप्पट फरक! त्या कागदावरून जागा ठरल्या. मध्यभागी हॅमर, कडेला झोअँथिड, कोपऱ्यात मशरूम. ३० इंच टँकवर एकच दिवा असला की टोके अंधारी राहणारच. दुसरा दिवा घेण्याऐवजी अंधाराची आवड असलेला भाडेकरू तिथे ठेवला की झाले. भाड्याचा मीटर मिळालाच नाही तर महिन्यातून एकदा त्याच कोनातून, त्याच वेळी, फक्त पांढऱ्या उजेडात फोटो काढावा. फिकेपणा रोज बघणाऱ्या डोळ्याला कळत नाही, महिन्यापूर्वीच्या फोटोत कळतो.

खरेदीबद्दल दोन बोलके सल्ले. दुकानात प्रवाळ निव्वळ निळ्या उजेडाखाली ठेवतात. त्यात त्याची प्रथिने अशी चमकतात की गणपतीतली रोषणाई फिकी पडावी. पैसे देण्यापूर्वी “जरा पांढरा दिवा लावता का?” असे विचारावे. आणि झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. ते असलेला खडक कधीही उकळू नये. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठीही एक शब्द. आपल्या मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. तिथल्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ सालची. ते बघायला जरूर जावे, मुलांना घेऊन जावे. पण आठवण म्हणून तुकडा उचलून बॅगेत घालू नये. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात प्रवाळाला संरक्षण आहे, आणि दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण आहे. त्याची गरजही नाही. क्लबमधले लोक आपापल्या टँकमध्ये वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे दहा-वीस डॉलरना देतात. ते घरच्याच दिव्याखाली वाढलेले असतात, त्यामुळे टिकतातही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आमचे एक स्नेही विचारतात. त्यांना आम्ही दोन बातम्या सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टँपाच्या फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये अटलांटिक पिलर कोरलने बंद टँकमध्ये अंडी सोडली. त्यासाठी एल.ई.डी.च्या उजेडात सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्राच्या कला हुबेहूब वठवाव्या लागल्या. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमच्या मंडळींनी हे तंत्र आधी बसवले होते. आणि २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीजचे पाणी इतके तापले, की तिथल्या संस्थांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टँकमध्ये हलवले. पुढे एप्रिल २०२४ मध्ये जगभरातल्या ब्लीचिंगची चौथी लाट जाहीर झाली. समुद्रातल्या त्या आपत्तीत आणि आपल्या टँकवर शंभर टक्क्यांवर लावलेल्या दिव्यात प्रवाळाच्या शरीरात घडते ते बरेचसे एकच. ज्या मुलाने वीस गॅलनमध्ये हे समजून घेतले, त्याला वर्तमानपत्रातली ती बातमी वेगळी वाचता येते.

तर त्या दहावीतल्या मुलाचा जमाखर्च असा झाला. दिवा १२० डॉलर, टांगायचा दांडा २५, टायमर १०, वॅट-मीटर २५, पीएआर मीटरचे भाडे ५०. एकूण २३०. उरलेल्या १७० मधले शंभर मिठाला आणि पाणी तपासायच्या सामानाला गेले, सत्तर त्याने पहिल्या प्रवाळांसाठी बाजूला ठेवले. बाबांना कंजूष ठरावे लागले नाही, आणि मुलाला भांडावेही लागले नाही. सध्या टँकमध्ये दोन मशरूम आणि एक ग्रीन स्टार पॉलिप आहे, दिवा ४५ टक्क्यांवर आहे, आणि आई रोज रात्री नऊला टायमर बघितल्याशिवाय झोपत नाही.

पुढच्या अंकात मिठाकडे वळू. नळाचे पाणी का चालत नाही, आरओ-डीआय फिल्टर घरी घ्यावा की पाणी दुकानातून आणावे, आणि वर्षाला कोणते स्वस्त पडते, हा हिशोब. तोवर आपापल्या विजेच्या बिलावरचा युनिटचा दर शोधून ठेवा. तो आकडा तेव्हाही लागणार आहे.